मधल्या रकान्यातलं नाव

माझ्या मुलीचं नाव ठरवायला मला सहा मिनिटं लागली. तिचं मधलं नाव ठरवायला मात्र घरातल्या तीन मोठ्या माणसांना तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांविषयी लिहायचं म्हणजे खरं तर नावं सांगायला हवीत, पण इथं मी कुणाचंच नाव सांगणार नाही. सासूबाईंनी तशी अटच घातली आहे. “लिही बाई काय लिहायचं ते,” त्या फोनवर म्हणाल्या, “पण नावं घालू नकोस. आधीच लोकांना नावं ठेवायची हौस.” त्यांच्या शब्दाबाहेर मी हल्ली जात नाही. पूर्वी जायची, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

आम्ही राहतो आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत. नवरा जवळच मुसफ्फात, एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत प्लॅनिंगचं काम बघतो. मुलगी इथंच जन्मली. बाळंतपणाला माझी आई येणार होती, पण मध्येच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिच्याऐवजी सासूबाई आल्या. मी मनातून खट्टू झाले होते, हे कबूल करते. सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. बोलणं मोजकं, आवाज खणखणीत, आणि समोरच्यानं नक्की चुकीचं औषध घेतलं असणार अशी नजर. या बाईंच्या हाताखाली सव्वा महिना काढायचा, या कल्पनेनंच मला घाम फुटला होता. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी सलग चार दिवसही कधी एका घरात राहिलो नव्हतो.

त्या आल्यावर चौथ्या दिवशी मी पार विरघळले होते. बाथरूममध्ये पाटावर बसून, पाय लांब करून त्या बाळाला पायांवर घ्यायच्या आणि असं काही न्हाऊ घालायच्या की मघाशी बेंबीच्या देठापासून ओरडणारं पोर जांभया द्यायला लागायचं. माझ्या डोळ्यांत उगाच पाणी यायचं त्या दिवसांत. त्याची त्यांनी चौकशी केली नाही, समजूतही घातली नाही. “येतं असं. तीन-चार दिवस येतं, मग जातं,” एवढं सांगून समोर खिरीची वाटी ठेवली. चौथ्या दिवशी खरंच गेलं. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईचं तान्हं दोन दिवस रडत होतं, तर सासूबाई मला न विचारता जिना चढून गेल्या. यांना अरबी येत नाही, तिला मराठी येत नाही. दहा मिनिटांत वरचा आवाज थांबला. संध्याकाळी आमच्याकडे खजुराचं ताट आलं आणि त्यानंतर त्या मजल्यावरच्या बायका लिफ्टमध्ये मला नाही, सासूबाईंना सलाम करायला लागल्या. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही, पण मला त्याचा राग यायच्या ऐवजी अभिमान वाटायला लागला होता. माझी सासू आहे ती, असं मी लिफ्टमध्ये मुद्दाम सांगायची.

हॉस्पिटलमधून बाळाला आणलं तेव्हा तिच्या मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा होता. त्यावर इंग्रजीत ‘बेबी ऑफ’ आणि पुढे माझं नाव. मी तो कात्रीनं कापायला गेले, तर सासूबाईंनी हात धरला. “राहू दे की दोन दिवस. आमच्या दवाखान्यातही असंच लिहायचो आम्ही. हिचं बाळ, तिचं बाळ. पोर जगात येतं तेव्हा आईच्या नावावर असतं. घरी नेलं की बदलतात.” हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, या बाईंना त्यात काही वावगं वाटत नसावं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्याकडे मधलं नाव निवडायचं नसतंच. तिथं बापाचं नाव आपोआप येऊन बसतं. मुलीचं लग्न झालं की ते उठतं आणि त्या जागी नवऱ्याचं बसतं. आमच्या घरात मात्र इथंच घोडं पेंड खात होतं. नवरा पोटात असतानाच त्याचे वडील सासूबाईंना सोडून गेले आणि दुसऱ्या गावी त्यांनी दुसरा संसार मांडला. माझ्या नवऱ्यानं त्यांना उभ्या जन्मात दोनदा पाहिलं आहे, त्यातही एकदा लांबून. पण त्यांचं नाव याच्या पाठी चिकटलं ते चिकटलंच. शाळेच्या हजेरीत, मार्कशीटवर, डिग्रीवर, पासपोर्टवर, इथल्या एमिरेट्स आयडीवरसुद्धा. लहानपणी हजेरी घेताना सर पूर्ण नाव उच्चारायचे तेव्हा मी मधल्या शब्दाला कान बंद करायचो, असं त्यानं मला लग्नाआधीच सांगितलं होतं. ज्या माणसानं एक दिवस सांभाळलं नाही त्याचं नाव रोज लिहायचं आणि जिनं रात्रपाळ्या करून वाढवलं तिचं नाव कुठंच नाही. म्हणून मुलगी झाल्यावर त्याचं एकच मागणं होतं: हिच्या नावात माझ्या आईचं नाव हवं. बाकी काही घाला, घालू नका. तो फार हट्ट करणारा माणूस नाही. या एका गोष्टीसाठी मात्र हटून बसला.

माझा पाठिंबा होताच. माझं कारण त्याच्याइतकं थोर नव्हतं. माझी तक्रार कानांची होती. मुलीचं नाव मी ठेवलं आहे ते दोन अक्षरी, हलकं, तोंडातून सहज निघणारं. नवऱ्याचं नाव पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं. तिच्या नावामागे त्याचं नाव म्हणजे चिमणीच्या पाठीवर गव्हाचं पोतं. माझी या बाबतीतली परीक्षा साधी आहे. माणसाचं पूर्ण नाव आयुष्यात दोनच ठिकाणी मोठ्यानं घेतलं जातं, हजेरीत आणि घरी कानउघाडणी होताना. हजेरी काय, कशीही होते. म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून, कमरेवर हात ठेवून, संभाव्य नावं रागावल्यासारखी म्हणून बघत होते. नवऱ्याचं नाव घालून म्हटलं तेव्हा अर्ध्यातच माझा राग संपला. सासूबाईंचं घालून म्हटलं तर काय सांगू, पहिल्या शब्दाचा हात धरूनच दुसरा आला. तेवढ्यात शेजारच्या केरळी बाईंनी दार वाजवून “एव्हरीथिंग ओके?” असं विचारलं. मी सांगितलं की बाळाला रागवायची प्रॅक्टिस चालली आहे. त्या माझ्याकडे आणि मग माझ्या मांडीएवढ्याही नसलेल्या बाळाकडे बघत परत गेल्या.

त्यात भर पडली ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्सच्या काउंटरवर. तिथं काळ्या पायघोळ अबायातली एक इमिराती मुलगी आमचे दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, “मॅडम, युअर फादर अँड युअर हजबंड, सेम नेम?”

मी म्हटलं, नो नो, मधलं आहे ते हजबंडचंच नाव आहे. आधी फादरचं होतं, लग्नानंतर बदललं.

तिनं पासपोर्टवरून मान वर केली. “यू चेंज युअर फादर?”

त्यांच्यात मुलीच्या नावामागे बापाचं नाव असतं आणि लग्न झालं, नातवंडं झाली तरी तेच राहतं. तिनं माझ्याकडे खरोखरीच्या काळजीनं पाहिलं. “हबीबती, माय फादर विल बी सो सॅड.” मी हसून वेळ मारून नेली. पण गाडीत बसल्यावर मला माझे वडील आठवले. लग्नानंतरचा माझा पहिला पासपोर्ट त्यांनी हातात घेऊन उघडला होता, आणि तसाच मिटून मला परत दिला होता. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. बापाचं नाव मुलीमागे लावायचं आणि मग एक दिवस काढून घ्यायचं, हा प्रकार माझ्या मुलीच्या बाबतीत होणार नाही.

हे सगळं सासूबाईंसमोर चालायचं आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. “बापाचं घाला. रीत आहे.” मी म्हणायची, “आई, रीत कुणी केली? पुरुषांनीच ना?” त्या म्हणायच्या, “असेल. पण बापाचंच घाला.” त्यांना कारण विचारलं की त्या बाळाची लंगोटं घडी करायला घ्यायच्या. मी नवऱ्याला म्हणायची, तुझ्या आईनं अख्खं आयुष्य एकटीनं काढलं, पण मनातून ती अजून जुनीच. उचलली जीभ लावली टाळ्याला. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

जन्मदाखल्याच्या अर्जावर नाव घातल्याशिवाय पुढचं काही हलत नव्हतं. एकदा दाखला छापून आला की पासपोर्ट, व्हिसा, आयडी, सगळं त्यावरूनच. एका शनिवारी सकाळी नवरा मला म्हणाला, “आईला विचारत बसलो तर ती कधीच हो म्हणणार नाही. आपण टाकून येऊ. छापून आलं की खूश होईल.” मला ते पटलं. सासूबाईंना भाजी आणायला जातो असं सांगून आम्ही मुसफ्फातल्या टायपिंग सेंटरला गेलो. तिथले केरळी टायपिस्ट नवऱ्याच्या ओळखीचे आहेत. कंपनीतल्या निम्म्या माणसांचे अर्ज त्यांच्या हातून गेलेले.

“मिडल नेम, फादर का?” त्यांनी न बघताच विचारलं आणि टाइप करायला सुरुवातही केली.

“नहीं, मेरी मदर का,” नवरा म्हणाला.

टायपिस्टची बोटं थांबली. “बेबी की मदर का?”

“बेबी के फादर की मदर का.”

“ओके सर. फर्स्ट टाइम है, लेकिन ओके.”

नवऱ्यानं आईच्या नावाचं एकेक अक्षर सांगितलं. पडद्यावर ते तीन शब्द शेजारी शेजारी आले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्याकडे लग्नाच्या दाखल्याची कॉपी नव्हती, त्यामुळे अर्ज पुढे गेला नाही. टायपिस्टनी तपासायला म्हणून प्रिंट दिली आणि कॉपी घेऊन या म्हणाले. नवरा गाडी चालवताना मला तो कागद हातात धरायला लावत होता, घडी पडेल म्हणून.

संध्याकाळी मशिदीतून मगरिबची अजान झाली, सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि बाळाला तीट लावून त्या बसल्या. नवऱ्यानं तो कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. दवाखान्यातल्या नोकरीमुळे इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येतात. त्यांनी पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला आणि पुढे वाचलंच नाही. कागदाची नीट घडी केली, बाळाच्या पावडरच्या डब्याखाली ठेवली आणि पोळ्या करायला आत गेल्या. नवरा माझ्याकडे बघून हसला. “भरून आलंय तिला,” तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं स्वतःवर इतके खूश होतो की आतून पोळपाटाचा आवाज येत नाही, हेही आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आम्ही बसलो तेव्हा त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला.

“हे नाव माझं नाही रे,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं, स्पेलिंग चुकलं. तो वाकून बघायला लागला.

“स्पेलिंग बरोबर आहे. नाव माझं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं होतं ना, तुझ्या बापानं, ते हे नाव. त्याच्या आवडीचं. त्यानं लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मला आधी कुणी सांगितलंही नव्हतं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तो गेला आणि नाव ठेवून गेला. नोकरीचे कागद त्याच नावाचे झाले होते. तेच चालवलं.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. नवऱ्याचं तर काही विचारू नका. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याचे मामा आईला आक्का म्हणायचे, गाव नर्सबाई म्हणायचा, आणि तो आई म्हणायचा. माहेरचं वेगळं नाव असेल हा विचार त्याच्या डोक्यात यायला कारणच नव्हतं. बापाची खूण टाळायची म्हणून जो आयुष्यभर धडपडला, तो बापानंच लिहिलेलं नाव स्वतःच्या हातानं मुलीला द्यायला निघाला होता, आणि वर आईचा मान म्हणून.

आणि मी? मी स्वतःला फार शहाणी समजते. माझ्या लग्नात ते तांदळाचं ताट आलं तेव्हा मी नवऱ्याला दम देऊन माझंच नाव लिहायला लावलं होतं. मैत्रिणींनी केवढं कौतुक केलं. सासूबाई तेव्हा माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्या ताटाकडे बघत होत्या. तेव्हा किंवा नंतरच्या पाच वर्षांत त्यांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही मला, की आई, तुमचं नाव बदललं होतं का? त्यांना जुन्या वळणाचं म्हणायला मात्र मी पुढे होते.

“मग तुझं माहेरचं नाव सांग,” नवरा म्हणाला. “तेच घालू.”

“ते आता कशाला?” म्हणून त्या उठल्या.

दोन दिवस तो मागे लागला होता. ऑफिसमधून फोन करून विचारायचा. तिसऱ्या दिवशी बाळाला तेल लावता लावता त्यांनी ते सांगितलं. जुनं, गावाकडचं, ग्रामदेवतेचं नाव. आता कुणी ठेवत नाही असं. त्यांच्या तोंडून ते निघालं तेव्हा त्या स्वतःच थोड्या लाजल्या. मला वाटतं, चाळीस वर्षांत त्यांनी ते मोठ्यानं उच्चारलं नसावं. मुलीच्या नावाशी ते मुळीच जमत नव्हतं, पण आता माझ्या कानांची तक्रार पुढे करायची माझी हिंमत नव्हती. नवरा लगेच म्हणाला, “ठरलं. हेच.”

“काही ठरलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. तेलाचे हात त्यांनी पदराला पुसले. “बस इथं. तूही बस गं.”

आम्ही शाळेतल्यासारखे बसलो.

“ते नाव माझ्या बापानं ठेवलं, त्याच्या आत्याचं म्हणून. हे तुझ्या बापानं ठेवलं, त्याला आवडलं म्हणून. एक आलं, एक गेलं. दोन्हींत मला कुणी विचारलं नाही. त्यातलं काय माझं म्हणून तू पोरीला देणार?” त्या रागावलेल्या नव्हत्या. पेशंटला समजावतात तसं सांगत होत्या. “दवाखान्यात बायका म्हणायच्या, नर्सबाई, तुमच्या हातून सुटका झाली, तुम्हीच नाव सुचवा. मी कधी सुचवलं नाही. म्हटलं ज्यानं त्यानं आपलं ठेवावं. आयुष्यात मी एकच नाव ठेवलंय. माझं काही द्यायचं असेल पोरीला, तर ते दे.”

नवऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मला आधी कळलं.

“माझं?” तो म्हणाला.

“मग दुसरं कुणाचं? तुझ्या बारशाला सासरचं चिटपाखरू आलं नाही. कानात कुर्र करायला आत्या नाही. शेजारणी म्हणाल्या, आपण कुणीतरी करू. मी म्हटलं, नको. मीच पाळण्यात वाकले आणि मीच तुझ्या कानात सांगितलं. त्याआधी आठ दिवस एकटीच म्हणून बघत होते. पाच अक्षरी ठेवलं ते मुद्दाम. म्हटलं नाव एवढं लांबलचक असावं, की ते घेता घेताच माणसाला दम लागावा. पुढे बापाचं नाव विचारायचं सुचूच नये.”

हे ऐकून मी हसले, आणि हसता हसता रडले. त्या नावाला मी पाच वर्षं नावं ठेवत होते. चारचौघांत त्यावरून नवऱ्याची चेष्टा करायची, नाव मोठं लक्षण खोटं म्हणायची. एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी, बाजेवर एकटी, बाळाला मांडीवर घेऊन, एकेक अक्षर वाढवत बसली होती, लोकांनी तिच्या पोराला एक प्रश्न विचारू नये म्हणून. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं द्यायला. आणि तीन आठवडे त्या जेव्हा जेव्हा “बापाचं घाला” म्हणत होत्या तेव्हा त्या आपल्या हक्काचं मागत होत्या. कारण सांगितलं नाही, कारण ते सांगायला आधीचं सगळं सांगावं लागलं असतं.

“मग आधी का नाही सांगितलंस?” नवऱ्यानं विचारलंच.

“रीतीनंच मिळत होतं, तर मागायचं कशाला?” सासूबाई म्हणाल्या आणि बाळाचे पाय चोळायला लागल्या.

नवरा उठून गॅलरीत गेला. आत आला तेव्हा तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन, तिचं नाव आणि त्यामागे स्वतःचं नाव, असं सावकाश म्हटलं. पहिल्यांदाच मला ते ऐकायला जड वाटलं नाही. माझे कान सुधारले म्हणा हवं तर. चिमणीबिमणी काही नाही, त्या नावाच्या पाठीशी ते नाव भिंतीसारखं उभं राहिलं होतं. पुढे मुलीचं लग्न होईल तेव्हा हे मधलं नाव कुणी उठवायला आलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे. हे मी त्याच वेळी मोठ्यानं सांगून टाकलं. मुलगी तेव्हा बावीस दिवसांची होती, पण आधी सांगितलेलं बरं.

टायपिंग सेंटरला या वेळी आम्ही चौघं गेलो. बाळ सासूबाईंच्या कुशीत, शालीत गुंडाळलेलं, कारण तिथला एसी बाराही महिने थंडी वाजेल एवढा ठेवतात. टायपिस्टनी आमचा अर्ज उघडला. मधल्या रकान्यातलं नाव नवऱ्यानं खोडायला सांगितलं आणि आपलं स्वतःचं सांगितलं. त्यांनी पाच अक्षरांचं ते लांबलचक नाव टाइप केलं आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

“सर, यही तो सब लोग डालता है. पहले दिन मैं यही डाल रहा था. इसके लिए इतना दिन?”

मी लग्नाच्या दाखल्याची कॉपी पुढे सरकवली. प्रिंट निघाली तेव्हा सासूबाईंनी बाळाला माझ्याकडे दिलं, चष्मा लावला आणि कागद काउंटरवर सरळ केला. त्यांनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. “हे तू ठेवलंस,” त्या मला म्हणाल्या. मग बोट दुसऱ्या शब्दाखाली नेलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू फिरवलं. आडनावापर्यंत ते गेलंच नाही.

टायपिस्टनी माउसवर हात ठेवला. “सब करेक्ट है, अम्मा? सबमिट के बाद चेंज नहीं होगा.”

“मैंने खुद रखा है,” सासूबाई म्हणाल्या, “गलत कैसे होगा?”